ऑनलाइन रेकॉर्डी अन् पुस्तकं विकणाऱ्या दुकानदारांना खेड्यातल्या एका मेटलवाल्याचं खुलं पत्र

राजेहो, नमस्कार.

तुम्ही म्हणजे जे जे कोणी ऑनलाइन हेवी मेटलच्या, म्हणजे जड आवाजाच्या गिटारवाल्या रॉक संगीताच्या, एलपी रेकॉर्डी (बारा इंची मोठ्या तबकड्या) अन् त्या बँडवाल्यांची पुस्तकं विकता ते सगळे, मोठी वेबसाइट असो की घरातल्या एका खोलीतून इन्स्टाग्रामवर फोटो टाकून विकणारा पोरगा असो. मी यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याकडच्या एका खेड्यात राहतो, पाण्याच्या मोटरी रिवाइंड करायचं माझं दुकान आहे, अन् गेली सहा-सात वर्षं मी तुमच्यापैकी बऱ्याच जणांचा गिऱ्हाईक आहे. कोणाचं नाव घेणार नाही, कारण एकाची गोष्ट नाही ही, कमी-जास्त सगळ्यांचीच आहे.

२२ जुलै २०२५ ला ब्लॅक सबाथ या मेटल बँडचा गायक ऑझी ऑस्बॉर्न गेला. ५ जुलैला बर्मिंगहमला, स्वतःच्याच गावात, सिंहासनासारख्या खुर्चीत बसून शेवटचं गायला अन् सतरा दिवसांत माणूस संपला. मला बातमी दुसऱ्या दिवशी दुकानात कळली, हातात कॉईल होती, ती तशीच खाली ठेवून दिली. पावसाळ्यात आमचं काम थंडच असतं, हातात पैसा नसतो, तरी त्या रात्री मी ब्लॅक सबाथच्या पहिल्या एलपीची ऑर्डर टाकली, तीच जी १३ फेब्रुवारी १९७० ला निघाली होती, शुक्रवारी. पैसे भरले, ऑर्डर कन्फर्मचा मेसेज आला, घरी बायकोलाही सांगून झालं, अन् तिसऱ्या दिवशी मेल आला की तुमच्या पिन कोडवर डिलिव्हरी होत नाही, ऑर्डर कॅन्सल केली आहे. पैसे आठ दिवसांत परत आले, त्याबद्दल तक्रार नाही. पण ती एक ओळ वाचून जे वाटलं ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही, म्हणून हे पत्र.

पिन कोड काय चीज आहे ते तुम्ही रोज टाइप करता पण कधी विचार केला का माहीत नाही. हा आकडा देशाला दिला तो आपल्याच एका मराठी माणसानं, श्रीराम भिकाजी वेलणकर त्यांचं नाव, पोस्टात मोठे अधिकारी अन् संस्कृतचे कवी. १५ ऑगस्ट १९७२ ला पिन सुरू झाला. सारख्या नावाची गावं, वेगवेगळ्या भाषा, न वाचता येणारं अक्षर, यात पत्र हरवू नये म्हणून तो आणला. म्हणजे माझ्यासारख्या आडगावच्या माणसापर्यंत पोचावं यासाठीच तर तो आकडा आहे, अन् तुम्ही त्याच आकड्यावरून मला यादीतून काढता? आमचा ४४५ नं सुरू होतो. बुलढाण्याचा ४४३, अकोला-अमरावतीचा ४४४, वर्धा-चंद्रपूर-गडचिरोलीचा ४४२. यातल्या कितीतरी गावांना तुमच्या कुरियरची गाडी जात नसेल, मान्य आहे, पण पोस्टमन जातो ना भाऊ. देशात एक लाख चौसष्ट हजाराच्या वर पोस्ट ऑफिसं आहेत अन् त्यातली दहात नऊ खेड्यातच आहेत. तुमच्या वेबसाइटला फक्त कुरियर कंपनीची यादी जोडलेली असते, त्यात आमचा पिन नाही म्हणून आम्ही नाही. तिथं स्पीड पोस्टचा एक पर्याय टाकून द्या, बस. चार दिवस उशिरा येऊ द्या, वरचे पन्नास-शंभर मी देतो, आजवर कधी त्यावरून घासाघीस केली नाही.

अन् जिथं कुरियर येतं म्हणता तिथं काय होतं तेही ऐका. कुरियर तालुक्यापर्यंतच येतं. मग फोन येतो, "भाऊ, तुमचं पार्सल आलं हाय, इकडं येऊन घेऊन जा, तिकडं गाडी येत नाई." मी दुकान बंद करून जाईपर्यंत तिकडं ऑनलाइन लिहून मोकळे होतात की ग्राहक घरी नव्हता. मी घरीच होतो ना! घरीच होतो, दुकान घरालाच लागून आहे.

दोन वर्षांमागची मे महिन्यातली गोष्ट. मी एक डबल एलपी मागवली होती, नवीकोरी, सील पॅक, १८० ग्रॅमवाली, म्हणजे जाड तबकडीची. किंमत सांगत नाही, पण पाच एचपीच्या दोन मोटरी भरल्यावर जेवढी मजुरी हातात राहते त्याच्यापेक्षा जास्त होती. पार्सल तालुक्याला आलं अन् टिनाच्या शेडमध्ये सहा दिवस पडून राहिलं कारण मला फोनच आला नाही, मीच ट्रॅकिंग पाहून गेलो. आमच्याकडे मे म्हणजे ४५-४६ डिग्री, सावलीत. टिनाखाली किती होत असेल हे तुम्ही आमच्याकडे दुपारी बारा ते चार कोणत्याही टिनाखाली बसून पाहा. रेकॉर्ड म्हणजे पीव्हीसी, आपल्या शेतातल्या पाइपाच्या जातीचंच प्लास्टिक, अन् साठ डिग्रीच्या आसपास ते नरम पडायला लागतं. उन्हात उभी असलेली बंद गाडी साठला सहज जाते.

घरी आणलं, हात धुतले, ब्लेडनं सील कापलं. पहिली तबकडी काढून टेबलावरच्या काचेवर ठेवली तर एका बाजूनं काचेच्या अन् रेकॉर्डच्या मधातून उजेड दिसला. बोट लावलं तर खाली बसते, बोट उचललं की वर. लावून पाहिली. सुई एका फेऱ्यात एकदा वर चढायची एकदा उतरायची, टोनआर्म, म्हणजे सुई धरणारा दांडा, नुसता हिंदकळत होता, अन् जिथं गिटारचा एक लांब सूर सरळ जायला पाहिजे तिथं तो सूर गाडी खड्ड्यातून जावी तसा लचकत होता. पाच मिनिटांत बंद केली. मग दोन जाड काचांमध्ये ठेवून वर एका जळालेल्या मोटरची बॉडी ठेवली, पंधरा दिवस. थोडी बसली, पूर्ण नाही बसली. त्या रेकॉर्डची पहिली दोन गाणी मी अजूनही नीट ऐकू शकत नाही. विकणाऱ्याला फोटो पाठवले तर उत्तर आलं की आमच्याकडून चांगली निघाली होती. निघाली असेलच, मी कुठं नाही म्हणतो, पण मला जी मिळाली ती वाकडी मिळाली अन् पैसे मी मिळालेल्या वस्तूचे दिले होते.

म्हणून हात जोडून सांगतो, एप्रिल ते अर्धा जून विदर्भात रेकॉर्ड पाठवू नका. ऑर्डर घ्या, पैसे घ्या, माल तुमच्याकडे ठेवा, अन् मृग लागून दोन पाऊस पडले की पाठवा. आम्हाला थांबता येतं हो, शेतकऱ्याच्या गावातली माणसं आहोत, पेरून थांबायची सवय आहे. फक्त वेबसाइटवर एक चौकोन द्या की पाऊस लागल्यावर पाठवा. पुस्तकाला हे लागू नाही, पुस्तकं उन्हाळ्यातच पाठवा, पावसाळ्यात पाठवाल तर आत प्लास्टिक घाला.

पुस्तकांवरून आठवलं, अन् ही गोष्ट मला जरा लांब सांगायची आहे.

ब्लॅक सबाथचा गिटारवाला टोनी आयोमी, त्याचं आत्मचरित्र मी मागवलं होतं. ते ऐन पावसाळ्यात आलं, पोस्टानं. आमचे डाकसेवक सायकलवर येतात, त्यांनी ते पार्सल युरियाच्या रिकाम्या थैलीत गुंडाळून, वरून सुतळीनं बांधून आणलं होतं. स्वतः ओलेचिंब, पुस्तक कोरडं. त्यांना त्यात काय आहे हे माहीत नव्हतं, माणसाची वस्तू आहे एवढं माहीत होतं. मी चहा दिला तर म्हणाले, "पहिले उघडून पाहा, भिजलं तर नाई ना." तुमच्या पॅकिंगवाल्या पोरांना ही गोष्ट जरूर सांगा.

आयोमीची गोष्ट मेटल ऐकणाऱ्या सगळ्यांना माहीत आहे, पण आमच्या गावात तिचा अर्थ वेगळा लागतो. तो बर्मिंगहमच्या पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता, सतरा वर्षांचा पोरगा, कामाचा शेवटचा दिवस, अन् मशीनमध्ये उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. डावखुरा असल्यामुळे तारा दाबायचा हात तोच. डॉक्टर म्हणाले गिटार विसर. कारखान्याच्या मॅनेजरनं त्याला जँगो राइनहार्टची रेकॉर्ड ऐकवली, आगीत दोन बोटं निकामी झालेला गिटारवाला, की बघ हा माणूस दोन बोटांवर वाजवतो. मग आयोमीनं प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, वरून चामडं लावलं, पातळ तारा वापरल्या, पुढे तारा ढिल्या करून सूर खाली आणला म्हणजे बोटाला जोर कमी लागेल. आज ज्याला आपण मेटलचा जड आवाज म्हणतो त्यात त्या कापलेल्या बोटांचा वाटा आहे.

माझ्या एका दोस्ताची दोन बोटं सोयाबीनच्या थ्रेशरमध्ये गेली. आमच्याकडे अशी माणसं गावोगाव आहेत, कोणाचं बोट, कोणाचा पंजा. हा भजनी मंडळात पेटी वाजवायचा, त्यानंतर त्यानं पेटीवर फडकं टाकलं ते टाकलंच. मी त्याला ते पान इंग्रजीतून मराठी करत करत वाचून दाखवलं, दुकानात, लाइट गेलेली होती म्हणून मोबाइलच्या उजेडात. तो पूर्ण ऐकेपर्यंत काही बोलला नाही. मग म्हणाला, "मंग वाजवलं का त्यानं?" मी म्हटलं थांब, लाइट आली की त्याची रेकॉर्ड ऐकवतो. रात्री साडेदहाला लाइट आली. त्यानं दोन्ही बाजू ऐकल्या, त्याला ते संगीत आवडलं असं मी म्हणणार नाही, पण तो रेकॉर्डचं कव्हर बराच वेळ हातात धरून बसला होता, अन् जाताना पुस्तकातला हाताचा फोटो मोबाइलमध्ये काढून घेऊन गेला. तीन आठवड्यांनी पेटीवरचं फडकं निघालं. उरलेल्या बोटांनी वाजवतो आता, हळू वाजवतो.

हे पुस्तक जर डिलिव्हरी होत नाही म्हणून तुम्ही परत घेतलं असतं तर? मला एवढंच विचारायचं आहे.

पुस्तकवाल्यांना अजून एक. पोस्टानं १ मे २०२५ पासून ज्ञान पोस्ट सुरू केलं आहे, पुस्तकांसाठीच. सुरू झालं तेव्हाचे दर ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये अन् पाच किलोपर्यंत १०० रुपये, वरून टॅक्स, अन् पार्सल ट्रॅकही करता येतं. जमिनीवरच्या वाहतुकीनं जातं म्हणून हळू जातं, अन् शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक, धार्मिक पुस्तकं त्यात चालतात. संगीतकाराचं चरित्र सांस्कृतिक नाही तर काय आहे, एकदा तुमच्या पोस्ट मास्तरला विचारून तर बघा. दोनशे रुपयांच्या सेकंडहँड पुस्तकाला दीडशे रुपये कुरियर लावता तेव्हा माणूस पुस्तक बास्केटमधून काढून टाकतो, मी स्वतः काढलं आहे कितीदा.

आता टर्नटेबल, म्हणजे रेकॉर्ड वाजवायचं यंत्र, विकणाऱ्यांशी बोलायचं आहे, कारण हे माझ्या धंद्यातलं आहे अन् यात तुम्ही लोकांना नकळत फसवता. बाहेरून आलेला जुना अमेरिकन टर्नटेबल मी ऑनलाइन घेतला. लिहिलेलं होतं चालू कंडिशन. माहितीच्या प्लेटवर ११० व्होल्ट दिसलं, ते ठीक, मी स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर स्वतःच गुंडाळला. लावला तर गाणारा माणूस झोपेत गातो आहे असं वाटलं. रेकॉर्डच्या कडेला कागदाची चिठ्ठी चिकटवली अन् घड्याळ लावून फेरे मोजले. एका मिनिटात तेहतीस पूर्णांक एक तृतीयांश पाहिजेत, भरले पावणेअठ्ठावीस. कळलं. आतली मोटर सिंक्रोनस होती, ६० सायकलवर (म्हणजे ६० हर्ट्झच्या विजेवर) चालणारी, ती व्होल्टेजचं ऐकत नाही, सायकलचं ऐकते, अन् आपल्याकडे लाइन ५० सायकलची. सहा मिनिटांचं गाणं सात मिनिटं बारा सेकंद चालणार अन् सूर तीन अर्धस्वरांनी खाली जाणार. ट्रान्सफॉर्मर लावून हे सुधरत नाही. मोटरच्या दांड्यावरची पुली सव्वापटीला थोडी कमी, नेमकी १.२ पट जाडीची पाहिजे. मी व्हर्निअरनं जुनी पुली मोजली, ३३ चा टप्पा अन् ४५ चा टप्पा वेगवेगळा लिहून काढला, तालुक्याला लेथवाल्याकडे बसून पितळेची नवीन करून घेतली, तीन वेळा माप चुकलं, चौथ्यांदा बसली. आता चिठ्ठी शंभर फेरे बरोबर तीन मिनिटांत करते.

मला हे जमलं कारण मोटर हे माझं पोट आहे. बाकीच्यानं काय करावं? त्यानं तर बिचाऱ्यानं म्हटलं असतं की रेकॉर्ड असंच वाजतं वाटतं. म्हणून विकताना माहितीच्या प्लेटचा फोटो टाका, व्होल्ट अन् सायकल दोन्ही दिसू द्या.

फोटोचंच बोलतो तर रेकॉर्डचेही फोटो नीट टाका राजेहो. जुन्या रेकॉर्डची हालत सांगायला नुसतं व्हेरी गुड प्लस लिहिलं म्हणजे झालं असं नाही, प्रत्येकाचं व्हेरी गुड वेगळं असतं. तिरप्या उजेडात दोन्ही बाजूंचा फोटो पाहिजे म्हणजे ओरखडे दिसतात, अन् लेबलच्या बाजूला जी गुळगुळीत पट्टी असते तिथं कोरलेला नंबर दिसला पाहिजे, त्यावरून छपाई कोणती ते कळतं. शहरातला माणूस दुकानात जाऊन हातात घेऊन पाहू शकतो, मला तुमचा फोटो हेच दुकान आहे.

अन् पॅकिंग. रेकॉर्ड कव्हरच्या आत ठेवून पाठवू नका. पार्सल आपटलं की आतली तबकडी हलते अन् तिची कड कव्हरची शिवण चाकूसारखी फाडते, माझ्याकडे अशी चार कव्हरं आहेत. आतल्या कागदी पिशवीसकट तबकडी बाहेर काढून कव्हरच्या मागं ठेवा, दोन्ही मिळून एका प्लास्टिकमध्ये, दोन बाजूंनी कडक पुठ्ठा, अन् डब्याच्या कोपऱ्यात बोटभर जागा रिकामी सोडा. तुमच्यातला एक जण असंच पाठवतो, त्याचं पार्सल एकदा एसटीच्या टपावरून आलं तरी कोपरा दुमडला नव्हता.

खेड्यात मेटल कोण ऐकतो, असं एकानं मला फोनवर विचारलं होतं, चिडून नाही, खरंच आश्चर्यानं. त्याला तेव्हा नीट सांगता आलं नाही, आता सांगतो. जगातला सगळ्यात नावाजलेला मेटलचा मेळा जर्मनीत वाकन नावाच्या खेड्यात भरतो. दोनेक हजार वस्तीचं गाव, आजूबाजूला शेतं अन् गाई. १९९० ला तिथल्याच दोघांनी, टॉमस जेन्सन अन् होल्गर ह्युबनर यांनी, गावाजवळच्या रेतीच्या खाणीत सहा बँड बोलावून तो सुरू केला, आठशेच्या आसपास माणसं आली होती. आता ऐंशी हजाराच्या वर येतात. पाऊस झाला की शेताचा चिखल होतो अन् लोकांच्या गाड्या शेतकरी ट्रॅक्टरनं ओढून काढतात, २०२३ ला तर चिखलामुळे निम्म्यातून लोकांना येऊ देणं बंद करावं लागलं. आपल्या दिल्लीचा ब्लडीवूड नावाचा मेटल बँड २०१९ ला तिथंच वाजवून आला. ते व्हिडिओ पाहताना मला ते परकं वाटलंच नाही, पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली उभ्या माणसांसारखी माणसं.

मी आयटीआयला होतो तेव्हा नागपूरच्या एका पोरानं मेमरी कार्डात गाणी भरून दिली, तिथून हे सुरू झालं. २००७ च्या मार्चमध्ये आयर्न मेडन हा बँड बेंगलोरला आला, २०११ ला मेटालिका हा बँड आला, मी दोन्ही वेळा गेलो नाही, पैसे नव्हते अन् दुसऱ्यांदा घरी बाप आजारी होता. माझ्यापर्यंत ते बँड येतात ते बारा इंचाच्या चौकोनी पार्सलमधूनच. आतल्या कागदावर छापलेले शब्द डिक्शनरी घेऊन वाचले म्हणून मला इंग्रजी पुस्तक वाचता येतं. एक बाजू वीस-बावीस मिनिटांची, ती संपेपर्यंत मी उठत नाही, पोरीला माहीत आहे की सुई खाली असताना बाबाला हाक मारायची नाही, अन् आता तीच बाजू पलटवते, कडेनं धरून, खोबणीला बोट न लावता.

तर जुलैमध्ये कॅन्सल झालेली ती ऑर्डर मी पुन्हा टाकणार आहे. कापसाचा पहिला वेचा झाला की रब्बीच्या मोटरी दुरुस्तीला यायला लागतात, तेव्हा पैसे भरीन, आधी भरीन, घरी आल्यावर द्यायचं म्हणत नाही. पाठवताना स्पीड पोस्टनं पाठवा. पत्त्यात घर नंबर नाही म्हणून तुमचं सॉफ्टवेअर अडेल, तिथं शून्य टाका. गावाचं नाव, पोस्ट, तालुका, जिल्हा अन् पिन एवढं स्पष्ट लिहा, मोबाइल नंबर मोठ्या अक्षरात, अन् जमलं तर मराठीत. खाली एक ओळ लिहा की मारुतीच्या देवळासमोरून उजव्या हाताला, दारासमोर जुन्या मोटरींचा ढीग आहे ते दुकान. डाकसेवकांना माहीत आहे, पण पावसाळ्यात त्यांच्या जागेवर कधी कधी नवीन माणूस असतो.

तुमचा गिऱ्हाईक,
एक मोटर रिवाइंडिंगवाला, जिल्हा यवतमाळ